गिटार घरी घुमते, बैठकीत हरवते : समस्या निवारण

लक्षणे

घरच्या खोलीत एकट्याने वाजवताना भरदार वाटणारी अकूस्टिक गिटार आठ-दहा जणांच्या बैठकीत आली की नाहीशी होते. वादकाला स्वतःच्या कॉर्ड्स ऐकू येत नाहीत, म्हणून तो जोर वाढवतो. जोर वाढवला की तारा फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) आपटून खरखरतात, लय पुढे पळू लागते आणि तासाभरात मनगट भरून येते. समोर बसलेल्यांपर्यंत स्वर न पोहोचता पिकची नुसती चकचक पोहोचते. काही वेळा ऐकू सगळे येते, पण चार गिटारांचे मिळून एकच गढूळ गुंजन तयार होते आणि त्यातले कोणते कोणाचे हे सांगता येत नाही. तिसरा प्रकार ऋतूचा आहे: जानेवारीत खणखणीत असलेली गिटार जुलैत बोदी वाजते आणि मालकाला वाटते की आपला हातच बिघडला.

पुण्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आमचे वादनमंडळ दर रविवारी जमते. चार ते सहा गिटार, एक पेटी, एक काहोन (वर बसून हाताने वाजवायचे लाकडी खोके) किंवा तबला आणि गाणारी मंडळी असा सरंजाम असतो, ध्वनिवर्धक नसतो. मी व्यवसायाने दुरुस्ती करणारा नाही, परंतु तारा बदलणे, उंची मोजणे आणि आवाज का पडला ते शोधणे ही कामे गेली बारा वर्षे माझ्याकडेच येतात, आणि त्यातली सर्वांत जास्त वेळा आलेली तक्रार हीच आहे. तक्रार घेऊन येणाऱ्याने मोठी गिटार घेण्याचे मनाशी बहुधा ठरवलेलेच असते. माझा अनुभव असा की गिटार क्वचितच लहान पडलेली असते. तिचा आवाज पेटीच्या आणि इतर गिटारांच्या आवाजाखाली झाकला गेलेला असतो, आणि मोठी गिटार आणली तरी तीही तशीच झाकली जाते. पुढच्या तपासण्या फुकटापासून खर्चिकाकडे लावल्या आहेत. त्या याच क्रमाने आणि एका वेळी एकच अशा कराव्यात, कारण तारा, पिक आणि बसण्याची जागा एकाच दिवशी बदलली तर फरक कशामुळे पडला हे कधीच कळत नाही.

ऐकू नेमके कोणाला येत नाही?

गिटारचा आवाज प्रामुख्याने तिच्या दर्शनी फळीतून आणि साउंडहोलमधून (फळीतल्या गोल भोकातून) समोर फेकला जातो. वादकाचा कान मात्र त्या फळीच्या वर आणि मागे असतो, त्यामुळे खोलीत सर्वांत वाईट जागी बसून स्वतःची गिटार ऐकणारा माणूस म्हणजे ती वाजवणाराच. म्हणून पहिली गोष्ट ही करावी की मंडळातल्या एकाला पाच-सहा मीटर अंतरावर, पाठ करून उभे करावे, सगळ्यांनी नेहमीसारखे वाजवावे आणि त्याला कोणती गिटार कळते आहे ते विचारावे. त्याला आपली गिटार स्वच्छ ऐकू येत असेल तर दोष गिटारचा नाही; खुर्ची अशी फिरवावी की समोर दीड मीटरवर मोकळी भिंत किंवा बंद दार येईल आणि आपलाच आवाज आपल्याकडे परत येईल. आमच्याकडच्या निम्म्याअधिक तक्रारी इथेच मिटतात, आणि खरे सांगायचे तर तक्रारदाराला ते फारसे आवडत नाही.

या टप्प्यावर थोडे गणित उपयोगी पडते. एका गिटारशेजारी तितक्याच जोराची दुसरी गिटार आली तर आवाजाची पातळी साधारण ३ डेसिबलने वाढते, आणि कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात. म्हणजे दुप्पट वाटण्यासाठी एकाच्या जागी दहा गिटार हव्यात. याउलट मोकळ्या जागेत ऐकणाऱ्यापासूनचे अंतर निम्मे केले की ६ डेसिबल मिळतात. बंद हॉलमध्ये भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे हा लाभ कमी होतो, तरी खुर्ची पुढे ओढण्याने आणखी एका वादकाला बोलावण्यापेक्षा जास्त काम होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सूर जुळलेला आहे का?

बैठकीतली प्रत्येक गिटार क्लिपच्या ट्यूनरवर ४४० हर्ट्झला लावलेली असते आणि पेटी मात्र तिच्या स्वतःच्या सुरात असते. पेटीचे सूर काही आपण बैठकीत बदलू शकत नाही. जुन्या पेट्या थोड्या चढ्या किंवा उतरलेल्या असणे अगदी सामान्य आहे. दोन स्वरांमध्ये दोन हर्ट्झचा फरक असेल तर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात, आणि चार गिटारांत असे वेगवेगळे हेलकावे मिसळले की त्यातूनच ते गढूळ गुंजन तयार होते. पेटीचा पांढरी सहा धरून ठेवावा, ट्यूनरमधला आधारस्वर ४४० वरून हलवून पेटीशी जुळेपर्यंत न्यावा आणि सगळ्यांनी त्याच आकड्यावर गिटार लावावी. कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) लावल्यानंतर पुन्हा एकदा सूर तपासावा, कारण कॅपोचा दाब तारा किंचित चढवतो. पाच मिनिटांचे हे काम टाळून जोरात वाजवणारे वादक मी पुष्कळ पाहिले आहेत.

बैठक आणि जागा

सतरंजीवर मांडी घालून गिटार वाजवताना तिची पाठ पोटाशी घट्ट दाबली जाते आणि दर्शनी फळी छताकडे किंवा, वाकून पाहण्याच्या सवयीमुळे, स्वतःच्या चेहऱ्याकडे वळते. मागची फळी दाबल्याने तिचे कंपन थांबते, आणि सतरंजी, पडदे व माणसांचे कपडे नेमके वरचे, स्वच्छतेचे स्वर शोषून घेतात. म्हणून हात नसलेल्या साध्या खुर्चीवर बसावे, गिटार मांडीवर उभी धरून पाठीमागे बोटभर मोकळी जागा ठेवावी, फळी ऐकणाऱ्यांकडे करावी आणि उजव्या हाताची कोपरापासूनची भुजा फळीवर रेलू नये. आमच्या एका काकांची गिटार केवळ शर्टच्या खिशातला मोबाइल आणि चष्म्याचे घर बॉडीच्या पाठीला टेकत असल्याने खरखरत होती. त्यासाठी आम्ही तीन रविवार फ्रेट तपासण्यात घालवले होते.

सगळे एकच तर वाजवत नाहीत ना?

ही तपासणी फुकट आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

गिटारची सहावी, जाड तार मोकळी वाजवली की तिचा मूळ स्वर सुमारे ८२ हर्ट्झ असतो आणि पहिली, बारीक तार सुमारे ३३० हर्ट्झ देते. मोकळ्या तारांच्या कॉर्ड्स याच पट्ट्यात बसतात. पुरुषांचा गाण्याचा आवाज, पेटीचे मंद्र आणि मध्य सप्तक आणि तबल्याच्या डग्ग्याची घुमक हेही जवळपास तिथेच असतात. माणसाचा कान मात्र २००० ते ५००० हर्ट्झच्या दरम्यान सर्वांत तीक्ष्ण असतो. तिथे गिटारचे मूळ स्वर पोहोचत नाहीत, फक्त आघाताच्या क्षणी निघणारे वरचे उपस्वर पोहोचतात. शिवाय पेटीचा स्वर भाता चालू आहे तोवर टिकतो, तर गिटारचा स्वर छेडल्या क्षणापासून विरू लागतो. गिटारच्या हाती तो पहिला क्षणच असतो, आणि तो क्षण चार जणांनी एकाच जागी, एकाच आकाराच्या कॉर्डवर, किंचित पुढे-मागे छेडून खर्च केला की उरते ती नुसती गर्दी.

उपाय असा की काम वाटून घ्यावे. समजा गायकाची पट्टी काळी एक (सी शार्प) आहे. एकाने पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सी कॉर्डच्या आकाराने वाजवावे. दुसऱ्याने चौथ्या फ्रेटवर कॅपो लावून ए च्या आकाराने, तेही फक्त वरच्या बारीक चार तारांवर वाजवावे. तिसऱ्याने सहाव्या फ्रेटवर कॅपो लावून जी च्या आकारात स्ट्रमिंग न करता एकेक तार सुटी छेडावी. तिघांचेही स्वर काळी एकचेच आहेत, पण ते वेगवेगळ्या उंचीवर पसरल्यामुळे प्रत्येकाला आपली जागा मिळते. गायिकेची पट्टी काळी पाच (ए शार्प) असेल तर हीच योजना पहिल्या फ्रेटवर ए, तिसऱ्यावर जी आणि सहाव्यावर ई अशी बसते. चौथा वादक असल्यास त्याने कॅपो न लावता मधल्या तारांवरचे दोन-तीन स्वर धरावेत आणि प्रत्येक मात्रेवर एकच आखूड आघात द्यावा. या शेवटच्या पद्धतीचे मोठे उदाहरण म्हणजे अमेरिकन जॅझवादक काउंट बेसीच्या वाद्यवृंदातला गिटारवादक फ्रेडी ग्रीन. १९३७ पासून १९८७ मध्ये निधन होईपर्यंत तो पितळी वाद्यांच्या आणि ड्रमच्या मधोमध बसून ध्वनिवर्धकाशिवाय गिटार वाजवत राहिला. त्याच्या गिटारच्या तारा फ्रेटपासून उंच असत हे खरे, पण सहा तारांचा गजर करण्याऐवजी मोजके मधले स्वर आणि दर मात्रेला एक आघात, हीच त्याची मुख्य रीत होती.

पेटीवाल्याशीही नम्रपणे बोलावे. ड्रोनचे सूर उघडे असतील तर ते बंद करायला सांगावे आणि कपलर काढायला सांगावा. एका पट्टीबरोबर वरची पट्टी आपोआप दाबली जाते तेव्हा पेटी अक्षरशः दोन पेट्यांची जागा खाते. आमच्या पेटीवाल्या ताईंनी पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा त्यांनी माझ्याकडे जे पाहिले ते मी विसरलेलो नाही, पण पुढच्या गाण्यात त्यांनीच मान डोलावून गिटार ऐकू येत असल्याचे मान्य केले.

पिक आणि आघाताची जागा

०.४६ मिलिमीटरचे पातळ पिक घरी छान वाटते, कारण ते तारांवरून सहज सरकते. बैठकीत तेच वाकते आणि त्याचा फडफडाट तारेच्या स्वरापेक्षा पुढे जातो. वर सांगितलेली चकचक ती हीच. ०.८ ते १ मिलिमीटरचे पिक काही रुपयांत मिळते आणि तारेला खरोखर ढकलते. सुरुवातीला ते अडखळेल, म्हणून पकड सैल ठेवून पिक किंचित तिरपे धरावे. आघाताची जागाही तपासावी: फ्रेटबोर्डाच्या टोकाशी छेडले तर आवाज गोल आणि मऊ येतो, ब्रिजजवळ, म्हणजे फळीवर तारा अडकवतात त्या पट्टीजवळ, छेडले तर पातळ आणि धारदार येतो. समूहात साउंडहोलच्या ब्रिजकडच्या कडेवर छेडल्यास भरीवपणा फार न गमावता धार मिळते. बोटांनी किंवा नायलॉनच्या तारांवर वाजवणाऱ्यांना पोलादी तारांच्या चार गिटारांशी आवाजाची स्पर्धा करता येणार नाही. त्यांना गाण्याच्या आधीची आणि मधली सुरावट द्यावी, हा न्याय आहे.

तारा

तारा शेवटच्या कधी बदलल्या, या प्रश्नाला 'घेतली तेव्हाच्या' हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता मी प्रश्न न विचारता बोट फिरवून पाहतो. तिसऱ्या-चौथ्या तारेखाली, दुसऱ्या फ्रेटच्या जागी नख फिरवले आणि खाचा लागल्या, किंवा गुंडाळीवर काळपट थर दिसला, तर तार संपली आहे. घाम आणि मळ गुंडाळीच्या फटींत बसतो, तार जड आणि आळशी होते आणि नेमके वरचे उपस्वर मरतात. मूळ स्वर वाजत राहतो म्हणून घरी फारसे जाणवत नाही. बैठकीत मूळ स्वर झाकला गेल्यावर काहीच उरत नाही.

जाडीही पाहावी. बऱ्याच नवशिक्यांच्या गिटारवर बोटे दुखू नयेत म्हणून १०-४७ चा संच असतो, म्हणजे पहिली तार ०.०१० इंच आणि सहावी ०.०४७ इंच. १२-५३ चा संच लावला की सहा तारांचा एकत्रित ताण ७० किलोच्या पुढे जातो, तो १०-४७ च्या ताणापेक्षा दहा किलोंहून अधिक असतो, आणि हा वाढलेला ताणच फळीला जास्त हलवतो. मात्र आधी ११-५२ लावून महिनाभर पाहावे. १३-५६ चा संच स्वस्त किंवा जुन्या गिटारवर मुळीच लावू नये. तिची फळी आणि ब्रिज त्या ताणासाठी बनलेले नसण्याची शक्यता मोठी असते. धातूंपैकी ८०/२० ब्रॉन्झच्या तारा नव्या असताना अधिक उजळ असतात आणि फॉस्फर ब्रॉन्झच्या तारा अधिक उबदार व टिकाऊ असतात. पेटी असलेल्या बैठकीसाठी मी ८०/२० निवडतो.

तारा लावताना प्रत्येक तारेचा मणी ब्रिजखालच्या पट्टीला आतून टेकला आहे याची खात्री करावी. पिन अंगठ्याने दाबत तार वर ओढली की मणी जागेवर बसल्याचे हाताला कळते. तो पिनच्या टोकावर अडकून राहिला तर तार लावताना घसरते, सूर टिकत नाही आणि कधी पिन उडून बाहेर येते.

ऋतू

लाकूड हवेतली ओल पिते. ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत गिटार सुखी असते. पावसाळ्यात पुण्या-मुंबईची, कोकणाची आणि गोव्याची हवा त्याच्या कितीतरी वर असते. तेव्हा फळी फुगते, जड होते, ब्रिज वर उचलला जातो, तारा फ्रेटपासून दूर जातात आणि आवाज बोदा होतो. विदर्भातल्या एप्रिल-मे महिन्यांच्या कोरड्या हवेत उलट घडते: फळी आत बसते, तारा खाली येऊन खरखरतात, फ्रेटची टोके बोटाला बोचू लागतात आणि दुर्लक्ष केले तर फळीला तडा जातो. साधा आर्द्रतामापक गिटारच्या केसमध्ये ठेवावा. पावसाळ्यात गिटार भिंतीवर न टांगता बंद केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. उन्हाळ्यात भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला पण पिळलेला स्पंज घालून तो केसमध्ये ठेवावा. पावसाने बोदी झालेली गिटार उन्हात वाळवणे हा उपाय नाही, तो नवा बिघाड आहे. ओल महिन्याभरात आली असेल तर ती जायलाही काही आठवडे द्यावेत आणि तोवर कोणत्याही स्क्रूला हात लावू नये.

ॲक्शन

आता मोजपट्टी घ्यावी. ॲक्शन म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून सहाव्या तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर साधारण २.४ मिलिमीटर आणि पहिल्या तारेचे १.६ ते १.८ मिलिमीटर असावे. बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायच्या कॉर्ड) सोप्या व्हाव्यात म्हणून अनेकांनी ॲक्शन खूप खाली आणलेली असते. अशी गिटार हळू वाजवताना गोड लागते आणि जोर लावताच तार फ्रेटवर आपटते. तंबोऱ्याला जवारी हवी, गिटारला नको: फ्रेटवर आपटणाऱ्या तारेची शक्ती फळीपर्यंत पोहोचतच नाही. सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकतात ती पट्टी, फार घासलेले असेल तर तारेचा ब्रिजवरचा कोनही उथळ होतो आणि आवाज आणखी पडतो. सॅडल काढून पाहावे; तळ सपाट नसेल किंवा खाली कागदाचा तुकडा कोंबलेला असेल तर हाडाचे नवे सॅडल बसवून घेणे हा खर्च सार्थकी लागतो. सॅडलची उंची एक मिलिमीटरने बदलली की बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर फरक पडतो, हे आधी मोजून ठेवावे.

ट्रस रॉडला (नेकमधल्या धातूच्या सळईला) मी पाव फेऱ्यापलीकडे हात लावत नाही. त्याने नेकचा बाक सुधारतो, आवाज वाढत नाही, आणि ॲक्शन कमी-जास्त करण्याचे ते साधनही नव्हे. पाव फेऱ्यात फरक दिसला नाही किंवा नट घट्ट लागला तर तिथेच थांबून वाद्य दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे जावे, कारण तुटलेला रॉड बदलणे हे जवळजवळ नवी नेक बसवण्याइतके काम आहे.

इथे थांबा

पुढच्या तीन गोष्टी केवळ पाहायच्या आहेत, दुरुस्त करायच्या नाहीत. पहिली: ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून पाहावा, तो आत शिरला तर ब्रिज सुटू लागला आहे. दुसरी: तारांवर हात ठेवून त्या मुक्या कराव्यात आणि ब्रिजभोवती फळीवर बोटाच्या पेराने हलके ठोकत फिरावे; एखाद्या जागी टणक आवाजाऐवजी फाटका, खुळखुळता आवाज आला तर आतली आधारपट्टी सुटली आहे. साउंडहोलमधून छोटा आरसा आणि विजेरी घालून ती दिसतेही. तिसरी: लांब सरळपट्टी फ्रेटवर ठेवून ब्रिजकडे न्यावी, ती ब्रिजच्या माथ्याला लागायला हवी. माथ्याच्या बरीच खाली, ब्रिजच्या पुढच्या बाजूवर आपटली तर नेकचा कोन बिघडला आहे आणि सॅडल कितीही घासले तरी गिटार नीट होणार नाही.

तिन्हींपैकी एकही खूण दिसली तर तारा सैल कराव्यात आणि गिटार कारागिराकडे न्यावी. आमच्याकडच्या एका महाविद्यालयीन मुलाने ब्रिजखाली दिसलेल्या फटीत घरीच झटपट चिकटणारा गोंद सोडला होता. कागद आता शिरत नाही म्हणून तो खूश होता. दोन आठवड्यांनी तारांच्या ताणाने ब्रिज फळीचे पातळ सालपट घेऊनच वर आला. कारागिराने नखाएवढा तुकडा उचलून आम्हाला दाखवला, त्याच्या एका बाजूला काचेसारखा वाळलेला गोंद होता आणि दुसऱ्या बाजूला फळीच्या लाकडाचे तंतू होते. मूळ काम अर्ध्या दिवसाचे होते, गोंद खरवडून लाकूड भरण्यात ते तीन आठवड्यांचे झाले.

तरीही गिटार बदलायची असेल तर

वरचे सगळे करूनही गिटार दबत असेल, तर मात्र तुलना करायला हरकत नाही. ती दुकानातल्या शांत कोपऱ्यात मांडीवर घेऊन करू नये, कारण तिथे नेहमी खर्जाने घुमणारी गिटार जिंकते आणि खर्ज हीच गोष्ट बैठकीत सर्वांत आधी हरवते. मोबाइलवर चित्रफीत काढून आवाजाची तुलना करणेही फसवे आहे. फोन मोठा आवाज आपोआप दाबतो आणि लहान आवाज उचलतो, त्यामुळे दोन्ही गिटार सारख्याच ऐकू येतात. डेसिबल मोजणारे ॲप एकाच फोनवर, एकाच जागेवरून, दोन गिटारांतला फरक पाहण्यापुरते चालते, परंतु दोन-तीन डेसिबलच्या फरकाला मी महत्त्व देत नाही.

आमची पद्धत अशी आहे. वादक एकच, पिक एकच, दोन्ही गिटारवर शक्यतो एकाच जाडीच्या नव्या तारा. ऐकणारा पाच मीटरवर पाठ करून उभा राहतो आणि शेजारी पेटी चालू असते. पेटी चालू असणे हा या परीक्षेचा प्राण आहे. वादक तीन गोष्टी वाजवतो: मोकळ्या जी कॉर्डचे स्ट्रमिंग, तिसऱ्या-चौथ्या तारेवरची छोटी सुरावट आणि पाचव्या फ्रेटवरची बार कॉर्ड. ऐकणारा फक्त 'पहिली' किंवा 'दुसरी' एवढेच सांगतो आणि कोणती कोणती हे त्याला शेवटपर्यंत सांगितले जात नाही.

आमच्या मंडळातल्या एका गृहस्थांनी ऑर्केस्ट्रा आकाराची लहान गिटार बाजूला ठेवून मोठी ड्रेडनॉट आणली होती. ड्रेडनॉट हे नाव १९०६ च्या ब्रिटिश युद्धनौकेवरून आले. मार्टिन या अमेरिकन गिटार कंपनीने हा आकार प्रथम १९१६ मध्ये डिटसन या विक्रेत्यासाठी बनवला आणि १९३१ पासून स्वतःच्या नावाने विकला. तिची खालची रुंदी १५⅝ इंच, ऑर्केस्ट्रा आकाराची १५ इंच; खोलीत जवळपास दोन सेंटीमीटरचा फरक. ही वाढलेली पोकळी खर्ज वाढवते, आणि एका गायकाला एकट्या गिटारची साथ असते तिथे ती अतिशय शोभते. वरच्या पद्धतीने पेटीसह परीक्षा घेतली तेव्हा पाठ करून उभ्या राहिलेल्या तिघांनीही स्ट्रमिंगला ड्रेडनॉट निवडली, पण सुरावटीला आणि बार कॉर्डला लहान गिटार. ते गृहस्थ आता लहान गिटारवर चौथ्या फ्रेटला कॅपो लावून वाजवतात, आणि ड्रेडनॉट गायकाशेजारी बसणाऱ्याकडे असते.

लाकडाबाबत माझे मत थोडे एकांगी आहे. दक्षिण भारतातली शिसव १९६९ पासून मार्टिनच्या गिटारांत ब्राझीलच्या शिसवीच्या जागी आली याचा आपल्याला आनंद वाटावा हे योग्यच. तरी शिसवीची पाठ देते तो उपस्वरांचा पसारा मला गर्दीत नकोसा होतो आणि मॅहोगनीचा कोरडा, मोजका स्वर अधिक ओळखू येतो. दर्शनी फळी प्लायची नसून सलग स्प्रूसची असण्याने मात्र खरा फरक पडतो. केवळ आवाजासाठी बनवलेली वाद्येही आहेत: जॉन डोपेराने बनवलेली, पोटात ॲल्युमिनियमचे शंकू असलेली रेझोनेटर गिटार १९२७ मध्ये बाजारात आली ती याच तक्रारीवर उत्तर म्हणून, आणि पॅरिसमध्ये १९३४ साली उभ्या राहिलेल्या हॉट क्लबच्या जॅझ पंचकात गिटारवादक जँगो रेनहार्टच्या एकल वादनामागे आणखी दोन गिटार असूनही तो झाकला जात नसे, त्यात सेल्मर कंपनीच्या कडक, मध्यप्रधान आवाजाच्या गिटारचा वाटा मोठा होता. अशी गिटार आपल्या बैठकीत भावगीताला शोभेल की नाही, हे प्रत्येकाने ऐकून ठरवावे. मला रेझोनेटर शोभत नाही.

माइकची वेळ

ड्रमचा पूर्ण संच असेल, गाणारे पंधरा-वीस असतील किंवा कार्यक्रम उघड्या मैदानात असेल, तर कोणतीही अकूस्टिक गिटार पुरणार नाही आणि वरच्या तपासण्या करत बसू नये. माइक साउंडहोलसमोर न ठेवता बाराव्या फ्रेटकडे रोखून २० ते ३० सेंटीमीटरवर ठेवावा. साउंडहोलसमोर तो पोकळीतली १०० हर्ट्झच्या आसपासची घुमक उचलतो आणि स्पीकर घोंघावू लागतो. पिकअप असलेल्या गिटारला अशा वेळी साउंडहोलमध्ये बसणारे रबराचे झाकण लावल्यास घोंघाट बराच आटोक्यात येतो. ध्वनिव्यवस्था भाड्याची असेल तर तिच्या तारा आणि खटके आपण चाचपू नयेत, ते काम ती आणणाऱ्याचे आहे. पिकअपची ९ व्होल्टची बॅटरी आदल्या दिवशी बदलावी आणि वाजवणे थांबले की गिटारमधून जॅक काढून ठेवावा, कारण बहुतेक गिटारांत जॅक लावलेला आहे तोवर ती बॅटरी खर्च होत राहते.